विल्यम्स बॅरोनेट घराणी आणि किताबाच्या वारसाहक्काचा प्रश्न

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे जावई उत्तर वेल्समधील कार्नारवॉन परिसरातले असून त्यांचे आडनाव विल्यम्स आहे. आपले मूळ घराणे ‘सर’ किताबाचे होते, आपण त्याची धाकटी पाती आहोत आणि थोरल्या पातीचा वंश खुंटला तर किताब आपल्याकडे येऊ शकतो, असे त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. प्रश्नकर्त्यांनी ब्रिटिश किताबांची यादी पाहिली, तेव्हा विल्यम्स आडनावाची बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’ किताबाची, घराणी एक-दोन नव्हे, तर वीसच्या आसपास निघाली. ही सगळी एकाच कुळातली आहेत का, जावयांचा त्यांतील एखाद्याशी संबंध आहे की नाही हे कसे तपासावे, आणि असलाच तर नातीला काही हक्क पोहोचतो का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. त्या यादीतील काही घराणी खरोखर एकमेकांची भाऊबंद आहेत, बरीचशी परस्परांना पूर्ण परकी आहेत, आणि एखाद्याचा तर वेल्सशी असलेला संबंधही पुसटच आहे. वेल्श आडनाव आणि वंशपरंपरागत किताब या दोन गोष्टी निरनिराळ्या नियमांनी चालतात. ते नियम ध्यानात न घेता यादी वाचली की, जे घराणे नाही ते डोळ्यांपुढे उभे राहते आणि जे आहे ते दिसत नाही. म्हणून आधी आडनावाबद्दल लिहितो.

वेल्समध्ये सोळाव्या शतकापर्यंत बहुतेकांना कायमचे आडनाव नव्हते. स्वतःचे नाव, मग मुलगा या अर्थाचा ‘आप’, मग वडिलांचे नाव, पुन्हा ‘आप’ आणि आजोबांचे नाव, अशी माळ असे, आणि प्रतिष्ठित माणसाची माळ अर्थातच लांब असे. इंग्लंड आणि वेल्सची राज्यव्यवस्था 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी एक झाली, न्यायालये व दस्तऐवज इंग्रजी पद्धतीचे झाले, आणि या माळा लेखनिकांना जड जाऊ लागल्या. टॉमस आप रिचर्ड आप हवेल या नावाच्या एका मोठ्या जमीनदाराला त्या काळातले बडे अधिकारी रोलंड ली यांनी ‘राहत्या घराचे नाव घे आणि विषय संपव’ असे सुनावले, आणि त्यातून मोस्टिन हे आडनाव जन्माला आले, अशी कथा सांगतात. इतरांनी ‘आप’ वडिलांच्या नावात मुरवून टाकला : आप ऱ्हिसचे प्राइस झाले, आप हवेलचे पॉवेल, आप हॅरीचे पॅरी आणि आब ओवेनचे बोवेन. बहुसंख्यांनी मात्र वडिलांच्या नावाला इंग्रजी षष्ठीचा ‘स’ जोडला आणि जोन्स, डेव्हिस, एव्हन्स, विल्यम्स ही आडनावे रूढ झाली.

मराठी माणसाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे मधल्या जागी येणारे वडिलांचे नाव एका विशिष्ट पिढीला जिथल्या तिथे गोठले असते, तर ज्यांच्या ज्यांच्या वडिलांचे नाव गणपत त्या सर्वांचे आडनाव आज गणपत असते, आणि ते एकमेकांचे कोणी लागत नसते. विल्यम्सचे तसेच झाले आहे. त्यातही महत्त्वाचे हे की, जहागिरदार घराण्यांनी आडनावे सोळाव्या शतकात पक्की केली, पण उत्तर वेल्समधील सामान्य शेतकरी आणि खाणकामगार कुटुंबांत वडिलांचे नाव आडनाव म्हणून लावण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत, कुठेकुठे त्याच्याही पुढे चालू राहिली. चर्चच्या नोंदवहीत 1790 च्या सुमारास जॉन विल्यम्स आढळला आणि त्याच्या वडिलांचे नाव विल्यम ओवेन निघाले, तर त्यात लेखनिकाची चूक नाही. त्या घरातले ‘विल्यम्स’ हे आडनाव त्या जॉनपासून सुरू होते, आणि 1600 सालच्या कोणत्याही विल्यम्स घराण्याशी त्याचे नाते सांगण्याला काही आधार उरत नाही.

आता किताब. बॅरोनेटपद पहिल्या जेम्स राजाने 22 मे 1611 रोजी सुरू केले, आणि त्यामागे उदात्त हेतूपेक्षा पैशाची निकड अधिक होती. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात सैन्य ठेवायचे होते. ज्याचे जमिनीचे उत्पन्न वर्षाला किमान 1,000 पौंड आहे आणि ज्याच्या आजोबांपासून घराण्याला ढालचिन्ह आहे, अशा गृहस्थाने 30 शिपायांचा तीन वर्षांचा पगार भरायचा, असा व्यवहार होता. शिपायाला रोजचे आठ पेन्स, म्हणजे 30 शिपायांचे दिवसाला 240 पेन्स, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने बरोबर एक पौंड. तीन वर्षांचे 1,095 पौंड. ही रक्कम भरणाऱ्याला नावामागे ‘सर’ लावण्याचा अधिकार मिळाला, आणि साध्या नाइटला जो अधिकार त्याच्या हयातीपुरता असतो, तो बॅरोनेटच्या घरात पिढ्यानपिढ्या राहिला. बॅरोनेट हा उमराव मात्र नव्हे. त्याला उमरावांच्या सभागृहात जागा नाही. ढालीवर लाल पंजाचे अल्स्टरचे चिन्ह येते ते या मूळ व्यवहाराची खूण म्हणून.

प्रत्येक बॅरोनेटपदाची स्वतंत्र सनद असते आणि सनदेत ठिकाण लिहिलेले असते : अमुक परगण्यातील अमुक गावचे. एकाच आडनावाच्या अनेक सनदा असतील तेव्हा त्या ओळखायच्या त्या ठिकाणावरून आणि सालावरून. सनदेतले दुसरे कलम याहून महत्त्वाचे आहे. नेहमीच्या सनदेत किताब ‘पहिल्या धारकाच्या पोटच्या पुरुष वारसांना’ दिलेला असतो. म्हणजे पहिल्या बॅरोनेटपासून औरस मुलगा, त्याचा औरस मुलगा, असा अखंड पुरुषांचा धागा दाखवता आला पाहिजे. पहिल्या बॅरोनेटचा भाऊ, चुलता किंवा चुलत भाऊ यांच्या वंशाला, सनदेत खास उल्लेख नसेल तर, काहीही मिळत नाही. दत्तकाला किताब जात नाही आणि मुलीकडूनही जात नाही. जावयांच्या घरातील आख्यायिका बहुधा याच कलमावर अडेल, म्हणून विल्यम्स घराण्यांचीच उदाहरणे थोडी सविस्तर घेतो.

उत्तर वेल्समधील सर्वांत जुने नामांकित विल्यम्स म्हणजे बँगोरजवळच्या कोखविलानचे. तिथल्या विल्यम आप ग्रिफिथने 1485 मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरची बाजू घेतली, हेन्री राजा झाला आणि विल्यमला कार्नारवॉनशायरचे शेरीफपद हयातभरासाठी मिळाले. त्याच्या वंशजांनी त्याचेच नाव आडनाव केले. हे घराणे तेराव्या शतकातील एडनवेद वुखनपर्यंत आपला वंश नेते. तो लिवेलिन या राजाचा मुख्य कारभारी होता. त्याच पुरुषाच्या वंशातून पेन्ऱ्हिनचे ग्रिफिथ झाले आणि इंग्लंडचे ट्यूडर राजघराणेही झाले. एका रक्ताची तीन आडनावे झाली, ती केवळ कोणत्या पिढीने कोणाचे नाव गोठवले यावरून. आडनावावरून वेल्श भाऊबंद शोधू पाहणाऱ्याची निराशा इथूनच सुरू होते.

कोखविलानच्या एका शाखेकडे वेनॉलची जमीन होती, आणि तिच्यातील विल्यम विल्यम्सला 1622 मध्ये बॅरोनेटपद मिळाले. दुसऱ्या शाखेत जॉन विल्यम्स निघाले. ते पहिल्या जेम्सच्या दरबारात राजमुद्रेचे रक्षक झाले आणि 1641 मध्ये यॉर्कचे आर्चबिशप. त्यांनी पेन्ऱ्हिनची मालमत्ता विकत घेतली आणि ती पुतण्याला, ग्रिफिथ विल्यम्सला, मिळाली. या ग्रिफिथला बॅरोनेटपद दोनदा मिळाले. पहिल्यांदा ते 1658 मध्ये, राजेशाही उलथवून सत्तेवर आलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलने दिले. राजेशाही परतल्यावर क्रॉमवेलचे किताब रद्दबातल ठरले आणि 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने त्याला नवी सनद दिली. गमतीची गोष्ट अशी की, खुद्द क्रॉमवेल पुरुषवंशाने विल्यम्सच होता. त्याचा पूर्वज मॉर्गन विल्यम्स हा दक्षिण वेल्समधून आलेला. त्याने आठव्या हेन्रीचे मंत्री टॉमस क्रॉमवेल यांच्या बहिणीशी लग्न केले आणि त्यांच्या मुलाने मामाचे वजन पाहून मामाचेच आडनाव घेतले. पुढे कित्येक पिढ्या या घराण्याच्या कागदपत्रांत ‘क्रॉमवेल ऊर्फ विल्यम्स’ असे लिहिलेले सापडते. त्यामुळे एका विल्यम्सने दुसऱ्या विल्यम्सला किताब दिला, आणि दोघांचे परस्परांशी नाते शून्य, असा हा प्रसंग आहे.

वेनॉलचा सहावा बॅरोनेट 1696 मध्ये निपुत्रिक वारला. पेन्ऱ्हिनचे विल्यम्स तेव्हा हयात होते आणि दोन्ही शाखांचे मूळ एकच होते. तरीही वेनॉलचे बॅरोनेटपद त्यांच्याकडे गेले नाही. ते तिथेच संपले, कारण दोन्ही शाखांचा सामाईक पूर्वज 1622 च्या सनदेच्या आधीचा होता. ‘आमचे मूळ एक आहे’ हे विधान अगदी खरे असूनही किताबाच्या कामी निरुपयोगी ठरते, ते असे. जमिनीचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. त्या शेवटच्या बॅरोनेटने मृत्युपत्रात वेनॉलची मालमत्ता इंग्लंडमधील एका स्नेह्याला व त्याच्या मुलांना हयातीपुरती आणि त्यांच्यानंतर तिसऱ्या विल्यम राजाला देऊन टाकली. राजघराण्याकडून ती पुढे स्मिथ कुटुंबाकडे गेली, आणि डिनॉर्विकच्या पाटीच्या दगडाच्या प्रसिद्ध खाणी याच मालमत्तेवर उभ्या राहिल्या.

पेन्ऱ्हिनच्या शाखेत उलटे घडले. तिथे बॅरोनेटपद पुरुषांच्या ओळीने पुढे चालत राहिले, पण पेन्ऱ्हिनची जमीन स्त्री-वारसांमार्फत घराण्याबाहेर गेली आणि लग्नसंबंधांतून अठराव्या शतकात रिचर्ड पेनंट यांच्या हाती आली. त्यांची जमैकात गुलामांच्या श्रमांवर चालणारी साखरेची शेती होती आणि त्याच पैशातून पेन्ऱ्हिनच्या खाणी वाढल्या. आजचा पेन्ऱ्हिनचा किल्ला पाहून ‘हे विल्यम्स बॅरोनेटांचे घर’ असे समजणे चुकीचे आहे. तो पेनंट वारसांनी एकोणिसाव्या शतकात बांधून घेतला. जमीन गेलेल्या या बॅरोनेट घराण्याचे दैव मात्र पुढे फळफळले. नवव्या बॅरोनेटचा सावत्र भाऊ, म्हणजे एकाच आईचा मुलगा, हा अँगलसी बेटावरील ब्यूमॅरिसजवळचा शेवटचा व्हायकाउंट बल्कली होता. तो 1822 मध्ये निपुत्रिक वारला, मालमत्ता विल्यम्स पुतण्याकडे आली आणि 1827 मध्ये त्याने, म्हणजे पुढच्या दहाव्या बॅरोनेटने, राजाच्या परवानगीने बल्कली हे नाव जोडून विल्यम्स-बल्कली असे जोडनाव घेतले. किताब 1661 च्या विल्यम्स सनदेचाच राहिला, बल्कलींचे व्हायकाउंटपद संपले आणि केवळ त्यांचे नाव व जमीन राहिली. हे बॅरोनेटपद आजही चालू आहे.

सर्वांत प्रसिद्ध विल्यम्स घराणे मात्र हे नव्हे. विल्यम विल्यम्स नावाचा एक वकील 1634 मध्ये अँगलसीवर एका पाद्र्याच्या घरी जन्मला. बुद्धी आणि महत्त्वाकांक्षा यांच्या बळावर तो 1680 आणि 1681 च्या संसदांत कॉमन्स सभागृहाचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष या नात्याने त्याने दरबाराला अडचणीचे ठरणारे एक निवेदन सभागृहाच्या आदेशाने छापू दिले. त्याबद्दल 1686 मध्ये त्याला 10,000 पौंडांचा दंड झाला, आणि त्यातले 8,000 त्याला भरावे लागले. संसदेतील भाषणाबद्दल व कामकाजाबद्दल बाहेरच्या न्यायालयात जाब विचारता येणार नाही, हे 1689 च्या हक्कांच्या कायद्यातील कलम ज्या प्रकरणांमुळे आले, त्यांत याची गणना होते. पण असा दंड भोगलेला माणूस वर्षभरात राजाच्याच पक्षाला मिळाला, सॉलिसिटर जनरल झाला, आणि दुसऱ्या जेम्स राजाच्या वतीने सात बिशपांविरुद्धचा खटला त्याने चालवला. बिशप 30 जून 1688 रोजी निर्दोष सुटले, लंडनभर जल्लोष झाला, आणि 6 जुलैला या हरलेल्या वकिलाला बॅरोनेटपद मिळाले. राजाला स्वतःला त्या वर्षाच्या अखेरीस देश सोडावा लागला. सनदेतील ठिकाण आहे ‘ग्रेज इन’, म्हणजे लंडनमधील वकिलांची संस्था; वेल्समधील एकही गाव त्यात नाही. उत्तर वेल्सच्या सर्वांत बलाढ्य घराण्याचा किताब यादीत लंडनच्या नावाखाली सापडतो, आणि नवख्या शोधकाकडून तो हमखास निसटतो.

हे घराणे बलाढ्य झाले ते विन घराण्याच्या वारशामुळे. ग्विदिरचे सर जॉन विन हे 1611 च्या पहिल्याच वर्षातले बॅरोनेट. त्यांचा वारसा पुढे असाच दोन दिशांना फुटला. चौथा बॅरोनेट 1674 मध्ये वारला तेव्हा त्याला एकच मुलगी होती. ग्विदिरची जमीन तिच्या लग्नातून इंग्लंडच्या बर्टी घराण्यात गेली आणि किताब चुलत घराण्यातील दुसऱ्या जॉन विनकडे आला. त्याने रुआबनजवळच्या वॉटस्टे या मालमत्तेच्या वारस मुलीशी लग्न केले होते. त्या जागेचे नाव बदलून त्याने विनस्टे ठेवले. तो 1719 मध्ये नव्वदीच्या वयात निपुत्रिक वारला, 1611 चे विन बॅरोनेटपद बुडाले, आणि विनस्टे त्याने मृत्युपत्राने वॉटकिन विल्यम्स या तरुणाला दिले. हा वॉटकिन म्हणजे कॉमन्सच्या त्या अध्यक्षाचा नातू. आईकडून तो पहिल्या सर जॉन विनचा वंशज होता. वारशाबरोबर त्याने विन हे नाव घेतले. 1740 मध्ये वडील वारल्यावर तो बॅरोनेट झाला, पण 1688 च्या विल्यम्स सनदेचा. म्हणजे विन आडनाव जिवंत राहिले, विन रक्तही राहिले, पण विन किताब मेला, कारण रक्त आईकडून आले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम्स-विन घराण्याकडे दीड लाख एकरांच्या आसपास जमीन होती आणि वेल्समध्ये त्यांच्याइतका मोठा जमीनदार दुसरा नव्हता. याच घराण्याचा एक धागा आपल्याकडेही पोहोचतो. पाचव्या बॅरोनेटचा धाकटा भाऊ चार्ल्स वॉटकिन विल्यम्स-विन हा 1822 ते 1828 या काळात बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर ब्रिटिश सरकारतर्फे देखरेख करणारा मंत्री. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई इलाख्याची घडी बसवणारे गव्हर्नर एल्फिन्स्टन 1827 पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात लंडनमध्ये हिंदुस्थानचे कामकाज या विल्यम्स-विनच्या मेजावरून जात असे. त्याला ‘सर’ म्हणता येत नव्हते, कारण किताब थोरल्या भावाचा.

एखादा विल्यम्स कोणत्या कुळातला, हे पाहण्याची एक जुनी व बऱ्यापैकी भरवशाची खूण म्हणजे ढाल. कोखविलानवाल्यांच्या ढालीवर तांबड्या भूमीवर पांढरा त्रिकोणी पट्टा आणि त्याभोवती तीन सॅक्सन माणसांची कापलेली मुंडकी आहेत. हे एडनवेद वुखनचे चिन्ह समजले जाते. कॉमन्सच्या अध्यक्षाच्या वंशजांच्या ढालीवर पांढऱ्या भूमीवर दोन तांबडे कोल्हे एकमेकांना छेद देऊन उलट दिशांना उसळी घेताना दिसतात. ते अँगलसीच्या कॅड्रोड हार्ड या पुरुषाच्या कुळाचे चिन्ह आहे. फ्लिंटशायरमधील बोडेलविदनच्या विल्यम्सना 1798 मध्ये वेगळी सनद मिळाली. त्यांच्याही ढालीवर तेच कोल्हे आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण ते अध्यक्षाच्या धाकट्या मुलाचे वंशज. गावात एखाद्या चर्चच्या भिंतीवर जुना स्मृतिशिलालेख असेल तर आधी ढाल पाहावी, मग नाव. व्हिक्टोरियन काळात नवश्रीमंतांनी आडनावसाधर्म्यावरून परक्याच्या ढाली बिनदिक्कत छापून घेतल्या, त्यामुळे चहाच्या भांड्यावरची किंवा पत्राच्या कागदावरची ढाल मी पुरावा मानत नाही.

बाकीच्या सनदांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मॉनमथशायरमधील लांगिबीचे (1642) आणि ब्रेकनशायरमधील ग्वर्निवेदचे (1644) विल्यम्स हे इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळातले बॅरोनेट. दोन्ही वंश पुढे संपले. सर विल्यम फेनविक विल्यम्स यांचा जन्म कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा; क्रिमियन युद्धात त्यांनी तुर्की हद्दीतील कार्स शहराचा वेढा झुंजवला, म्हणून 1856 ची त्यांची सनद ‘कार्सचे’ अशी आहे. कॉर्नवॉलमधील ट्रेगुलोचे विल्यम्स (1866) तांब्याच्या धंद्यातले. कार्मार्थनशायरमध्ये जन्मलेले सर जॉन विल्यम्स हे राणी व्हिक्टोरियाच्या काळातील राजघराण्याचे वैद्य. त्यांना 1894 मध्ये बॅरोनेटपद मिळाले आणि 1926 मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर ते संपले. त्यांनी जमवलेली वेल्श हस्तलिखिते ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पाया ठरली आणि त्या ग्रंथालयाचे ते पहिले अध्यक्ष होते. जावयांच्या पूर्वजांचे कागद शोधायला तुम्हाला बहुधा तिथेच जावे लागणार आहे.

आडनावाच्या साम्यावर विसंबू नये, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण लॉइड या नावाचे आहे. भोरजवळ येळवंडी नदीवरचे भाटघर धरण पूर्वी लॉइड धरण म्हणून ओळखले जाई, ते मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड (1918 ते 1923) यांच्या नावावरून. त्यांना 1925 मध्ये ‘डोलोब्रानचे बॅरन लॉइड’ हा किताब मिळाला. डोलोब्रान हे मॉन्टगोमेरीशायरमधील त्यांच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या पूर्वजांचे गाव, आणि लॉइड्स बँक ही त्याच घराण्याची. त्याच सुमारास ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या डेव्हिड लॉइड जॉर्ज यांचे आडनाव खरे तर जॉर्ज; ‘लॉइड’ हे आईच्या माहेरचे. वडील लवकर वारल्यावर त्यांना वाढवणारे मामा रिचर्ड लॉइड हे लानिस्टिमदी गावचे चर्मकार होते. 1945 मध्ये लॉइड जॉर्जना अर्लपद मिळाले तेव्हा किताबाच्या नावातच लॉइड आणि जॉर्ज दोन्ही गोवले गेले. गव्हर्नर आणि पंतप्रधान यांना एका घराण्याचे समजणारे मला अजूनही भेटतात.

मुंबईत बॅरोनेटपद आले तेव्हा नेमका याच्या उलट मार्ग काढला गेला. सर जमशेटजी जीजीभॉय हे 1857 मध्ये पहिले हिंदी बॅरोनेट झाले. पारशी कुटुंबात पिढीगणिक नाव बदलणार आणि किताबाची ओळख पटणार नाही, म्हणून कायदाच करण्यात आला की, जो वारस बॅरोनेट होईल त्याने स्वतःचे नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करावे. पहिल्या बॅरोनेटचे चिरंजीव कर्सेटजी हे दुसरे बॅरोनेट झाले, ते याच नावाने.

आता जावयांचे काम. विल्यम्स बॅरोनेटांपासून सुरुवात करून खाली येऊ नये. जावयांपासून सुरुवात करून एकेक पिढी वर जावे. इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे. तिथपर्यंत जाणे सोपे, फक्त विल्यम्स आडनावाच्या बाबतीत दाखला मागवताना वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव आणि शेताचे किंवा घराचे नाव जुळल्याशिवाय पुढे सरकू नये, कारण एकाच तालुक्यात एकाच वर्षी जन्मलेले पाच-सहा जॉन विल्यम्स सापडणे नेहमीचे आहे. 1837 च्या मागे चर्चच्या नोंदवह्या लागतात. उत्तर वेल्समधील कित्येक कुटुंबे अठराव्या शतकापासून मेथडिस्ट किंवा इतर स्वतंत्र पंथांची झाली; त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे गावच्या चर्चमध्ये सापडत नाहीत. त्या पंथांच्या जुन्या वह्या सरकारने जमा करून घेतल्या आणि आता त्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विवाह मात्र 1754 ते 1837 या काळात क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना अधिकृत चर्चमध्येच करावा लागे, म्हणून बाप्तिस्मा हरवला तरी लग्न सापडते. 1858 पूर्वीची वेल्श मृत्युपत्रे ॲबरिस्टविथला आहेत, विनस्टेचे दप्तर तिथेच आहे, आणि पेन्ऱ्हिनचे दप्तर बँगोर विद्यापीठात. खंडकऱ्यांच्या याद्यांत घराण्याचे नाव सापडले, तर बहुधा ते बॅरोनेटचे नातलग म्हणून नव्हे, त्यांची जमीन कसणारे कूळ म्हणून सापडेल. ‘आम्ही पेन्ऱ्हिनचे’ या वाक्याचा उगम मी अनेकदा तिथेच पाहिला आहे.

कागद अठराव्या शतकाच्या मागे, पहिल्या बॅरोनेटच्या एखाद्या धाकट्या मुलापर्यंत, एकही दुवा न तुटता पोहोचलेच, तर पुढचा टप्पा सरकारी आहे. 1910 च्या राजाज्ञेनुसार बॅरोनेटांची अधिकृत नामावली ठेवली जाते. तिच्यात नाव दाखल झाल्याशिवाय कोणालाही अधिकृत कागदांत त्या किताबाने संबोधले जात नाही. नामावलीत येण्यासाठी प्रत्येक पिढीचा जन्म, आईवडिलांचा कायदेशीर विवाह आणि मधल्या थोरल्या शाखा पुरुष वारसाशिवाय संपल्याचा पुरावा, असे सगळे द्यावे लागते. हा तिसरा पुरावा सर्वांत कठीण, कारण अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेला एखादा धाकटा भाऊ निपुत्रिक वारला हे सिद्ध करायचे असते. प्रिव्ही कौन्सिलने 2016 मध्ये स्कॉटलंडच्या एका बॅरोनेटपदाच्या वादात डीएनए चाचणी पुरावा म्हणून ग्राह्य धरली आणि त्या पिढीजात वारसाचा दावा फेटाळला गेला. त्यामुळे दावा लावणाऱ्याने आता आजी-पणजींच्या काळातील घरगुती गुपितांचीही तयारी ठेवलेली बरी.

एवढे सगळे जमून आले तरी त्यातून जमीन, वाडा किंवा तनखा काहीही मिळत नाही. नावामागे ‘सर’ येते आणि तुमची मुलगी लेडी विल्यम्स होते. नातीबद्दलचे उत्तर मात्र आजच देता येईल. राजघराण्याच्या वारशात थोरल्या मुलीला धाकट्या भावाच्या आधी हक्क देणारा 2013 चा कायदा फक्त राजपदापुरता आहे. बॅरोनेटपदांना तो लागू नाही. त्यामुळे नातीला विल्यम्स बॅरोनेटपदाचा हक्क पोहोचत नाही, आणि तिच्यामार्फत तिच्या मुलालाही पोहोचणार नाही.